लायसन्स मिळालं त्या दुपारी

टिंक्चर आयोडीनचा वास आला, की मला नवीन पनवेलच्या घरातली नव्वदीच्या सुरुवातीची ती दुपार आठवते. आमचे हे मस्कतला नोकरीला होते आणि तिथल्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पुन्हा नापास होऊन सुट्टीवर आले होते. वळताना इथल्या सवयीनं खिडकीतून हात बाहेर काढला, परीक्षा घेणारा साहेब अरबीत ओरडला, यांना अक्षर कळेना. "मराठीत घेतली असती तर डोळे मिटून पास झालो असतो," हे रोज जेवताना ऐकवायचे. आणि नेमकी मी पनवेलला मराठीत परीक्षा देऊन पास झाले! हौसेनं पेढा पुढे केला, तर यांनी पुडा भिरकावला, मला भिंतीवर ढकललं आणि कानाखाली अशा लगावल्या की डोळ्यांपुढे अंधारी आली. सासूबाई मध्ये पडल्या, "मेल्या, तुला तिकडचं कळलं नाय, त्यात तिचा काय गुन्हा?" तशी यांनी कपाटाच्या काचेवर मूठ घातली. उजव्या मनगटातून रक्ताची धार लागली. रिक्षा मिळेना, म्हणून दारातली आमची जुनी गाडी मीच काढली. कान अजून वाजत होता आणि हे शेजारी बसून खेकसत होते, "ब्रेक मार! अक्कल आहे का?" मी भर रस्त्यात गाडी थांबवली. म्हटलं, "अहो, पुन्हा माझ्यावर हात उचललात, तर असेच रस्त्यात उतरवीन. मराठीत सांगतेय, कळतंय ना?" दवाखान्यात टाके पडले. बाहेर आल्यावर यांनी किल्लीसाठी डावा हात पुढे केला. मी दिली नाही. आज गाडी दुसरी आहे, यांची जागा मात्र शेजारचीच.