बुटकेरावांची उंची

गल्लीत तिला सगळे हाडवैद्यबाई म्हणत. कुणाचा पाय मुरगळला की स्वारी तिच्या दारात हजर. ती कपाळाला हात लावून सांगायची, "अहो, माझे पेशंट जुन्या लढायांतले. त्यांची काही तक्रार नसते." एवढं बोलून पाय मात्र चोळून द्यायचीच.

तिचं काम बेपत्ता सैनिकांचं. कुठे रस्ता खणताना, कुठे पाया घालताना हाडं निघत आणि खोक्यांतून प्रयोगशाळेत येत. ही ब्रशने माती झाडून लांब टेबलावर डोक्यापासून पायापर्यंत माणूस मांडायची. मांडीच्या हाडावरून उंची काढायची, हाडांच्या टोकांवरून वय. तिथला एक नियम फार कडक होता. हाडं मांडणाऱ्याला फाइल दाखवायची नाही, संशयित नावही सांगायचं नाही. नाव कळलं की डोळे त्या नावाच्या बाजूने बघायला लागतात, असं तिथल्या प्रमुख बाईंचं म्हणणं. पण दिवसभर समोर असलेल्या माणसाशी बिननावाचं बोलणार तरी कसं? म्हणून ती प्रत्येकाला टोपणनाव द्यायची. सध्याचे पाहुणे बुटकेराव. पाच फुटांच्या जेमतेम वर, विशीतले, डावा हात कधीतरी मोडून वाकडा जुळलेला. "काय रे बुटकेराव, झाली का झोप?" म्हणत ती सकाळी दिवे लावायची.

या कामात ती पडली आत्यामुळे. आत्याचा दादा, म्हणजे हिचा काका, लढाईवर गेला तो परतलाच नाही. तेव्हा आत्या सहा-सात वर्षांची होती. आता पंच्याहत्तरी उलटली होती आणि ती हिच्याच घरी राहत होती. कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. डोळे मिटायच्या आत दादा सापडावा, एवढंच तिचं मागणं होतं. पण डीएनए जुळवायला काडीने तोंडातला नमुना द्यायचं नाव काढलं की बिथरायची.

"म्हणजे तो गेला असं मीच कबूल करू? आधी शोध, मग तोंड उघडते."

एरवी ते तोंड कधी मिटत नसे. हिचे वडील आणि आत्याचे बाकीचे भाऊ केव्हाच वारले होते, त्यामुळे नमुना चालणार तो सख्ख्या बहिणीचा, आत्याचाच. हिने फारसा आग्रह धरला नाही, कारण घाई करण्यासारखं कुणी टेबलावर आलंच नव्हतं. भरतीचे जुने कागद आगीत गेलेले, म्हणून काकाची माहिती आत्याला विचारून हिनेच दिली होती : ताडमाड उंच. त्याची फाइल उंच माणसांच्या ढिगात पडून होती. टेबलावर कुणी उंच आला की हिच्या छातीत धडधडायचं. बुटकेरावांबरोबर कशी ती निवांत होती.

अशात चुलतभावाने घर बदललं आणि आत्याच्या माहेरचं कपाट इकडे पाठवलं. आत्याने दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. "ती भिंत रिकामी करा. डोंगराएवढं आहे ते!"

कपाट आलं ते एका हमालाच्या पाठीवरून. उभं केलं तर हिच्या छातीला लागेना.

"आत्याबाई, डोंगर कुठे ठेवू?" नवरा म्हणाला आणि सगळे पोट धरून हसले.

आत्या फणकारली. "हसा! याच्यावरचा डबा दादा टाचा न उचलता काढायचा, माहितेय?"

हिचं हसू तिथल्या तिथे थांबलं. त्या कपाटावरचा डबा कुणीही काढला असता. रोज पट्टी घेऊन परक्यांची उंची मोजणारी ही बाई, सख्ख्या काकाची मात्र सात वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांनी मोजून बसली होती. स्वतःचाच तिला असा राग आला की काही विचारू नका.

ती आत्याशेजारी बसली. "आत्या, तोंड उघड."

"सापडला?"

"माहीत नाही गं. पण मी त्याला चुकीच्या ढिगात ठेवला होता. तू नमुना दिला नाहीस तर तो कुणाच्याच हाती लागायचा नाही."

आत्याने एकदा कपाटाकडे बघितलं. मग तिने कवळी काढून हातात घेतली आणि आ केला.

उंचीचा भरवसा उरला नाही, म्हणून फाइल बुटक्यांच्या ढिगाशीही ताडायला दिली. घरचंच माणूस म्हणून हिला सगळ्या टेबलांपासून दूर ठेवलं. ती खोकी धूत बसली. काही आठवड्यांनी प्रमुख बाईंनी तिला आत बोलावून दार लावलं. "तुमचे बुटकेराव..." एवढंच म्हणाल्या आणि नमुना जुळल्याचा कागद तिच्यापुढे सरकवला.

"अगं बाई! सख्ख्या काकाला अरे-तुरे केलं की हो मी!" म्हणत ती हसली, आणि हसता हसता ढसाढसा रडली. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आत्याला आणलं त्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून आली. टेबलाच्या कडेने डोक्यापासून पायापर्यंत चालत गेली. मग टेबलाला खेटून ताठ उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "अगं, हा तर माझ्याएवढाच."

वाकड्या हाडाशी तिचा हात थांबला. "मला खांद्यावर घेऊन उड्या मारताना पडला होता. मला खरचटलंसुद्धा नाही."

तिथून ती हलेना. खुर्ची दिली तरी बसेना. त्या हाडावरून बोट फिरवत ती हळूच म्हणाली, "एवढासाच होतास होय रे दादा? आणि तुझ्या खांद्यावरून मला सगळं गाव दिसायचं."