दिवसभराचे सलाम

नवऱ्याची बँकेतली बदली लखनौला झाली आणि मी सांगलीची चांगली नोकरी सोडून तिथल्या चिनहट भागातल्या एका गोदामात सेफ्टी ऑफिसर झाले. पीठ, तेल, बिस्किटं, शेवया असला माल इथून शहरभरच्या दुकानांत जायचा. माझं काम सोपं. कुणाच्या अंगावर काही पडू नये, कुणी कशाखाली येऊ नये. सोपं कसलं, कपाळ!

पहिल्याच आठवड्यात एका गोष्टीनं माझं डोकं चक्रावलं. फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलायची गाडी, चालवणारे एक वयस्कर गृहस्थ होते, सगळे त्यांना चचा म्हणायचे. त्यांना जो तो सलाम करायचा. सकाळी एकदा केला, ठीक आहे. पण इथे माणूस रॅकच्या या टोकाला आला की "सलाम चचा", त्या टोकाला गेला की "आदाब चचा", पाणी पिऊन परतला की पुन्हा. आणि तेही तोंडातल्या तोंडात नाही, चांगलं खणखणीत. चचाही गाडी चालवता चालवता "जीते रहो" म्हणत राहायचे. आमच्याकडे सकाळी एकदा "काय, बरं आहे ना?" म्हटलं की संध्याकाळपर्यंत पुरतं.

घरी नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "अगं, याला तहजीब म्हणतात. तुला सांगलीत कुठून दिसणार?" म्हणजे आम्ही रानटी! आणि हा स्वतः कुठला, तर मिरजेचा. मी चडफडले, पण मनात म्हटलं, असेल बाई. तरी काहीतरी खटकत होतंच. कारण हीच माणसं मॅनेजरसाहेबांना दिवसातून एकदा, तेही समोर आले तरच, नमस्ते करायची. साहेबापेक्षा फोर्कलिफ्टवाल्याचा मान मोठा? कुणाला विचारावं तर हसायचे आणि म्हणायचे, "बस मैडम, आदत है." सुपरवायझर तर एकदा मलाच म्हणाला, "आप भी कर लिया कीजिए." मला वाटलं, आला मोठा मला वळण लावणारा! मी हट्टानं सकाळी एकदाच सलाम करायचे.

एके दुपारी मी तेलाच्या डब्यांच्या रांगेपाशी भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं तपासत उभी होते. मागून चचांची फोर्कलिफ्ट आली. आली तशी वळली, आणि तिचा लोखंडी दात माझ्या कमरेजवळून सरळ डब्यांत घुसला. तेलाची धार माझ्या साडीवर.

सुपरवायझर धावत आला. मला वाटलं, लागलं का विचारेल. तो पांढऱ्याफटक चेहऱ्यानं म्हणाला, "मैडम, सलाम क्यों नहीं किया?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, मी मरता मरता वाचले आणि तू मला शिष्टाचार शिकवतोस?" हे मी मराठीत ओरडले. त्याला शब्द कळले नसतील, बाकी सगळं कळलं. त्यानं मला बाजूला नेलं आणि खालच्या आवाजात सांगितलं. चचांना काचबिंदू होता. समोरचं स्वच्छ दिसायचं, त्यामुळे माल अगदी नेमका उचलायचे. बाजूचं मात्र काही दिसत नव्हतं. बाजूला कोण आहे ते त्यांना सलामावरून कळायचं. आवाज ज्या बाजूनं आला, त्या बाजूला ते गाडी वळवायचे नाहीत.

रागवायचं तरी कुणावर? सगळ्या गोदामानं मिळून एका म्हाताऱ्याची भाकरी सांभाळली होती. "आज तक किसी को खरोंच नहीं आई," सुपरवायझर पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि ते खरंही होतं. पण उद्या एखादा नवखा ट्रकवाला आत येईल, तो कशाला सलाम करेल? इकडे आड, तिकडे विहीर. चचांच्या घरात कमावणारे ते एकटेच. त्यांना उतरवावं तर पाप, बसू द्यावं तर महापाप. त्या रात्री मी नवऱ्यावर, पोळ्यांवर, लखनौवर, सगळ्यांवर चिडले. तहजीब म्हणे!

दुसऱ्या दिवशी आधी मॅनेजरसाहेबांना सगळं सांगितलं. चचांना मालाच्या तारखा तपासायच्या टेबलावर बसवू, हे त्यांच्याकडून भांडून कबूल करून घेतलं आणि मग चचांना केबिनमध्ये बोलावलं. गोदामात बातमी पसरलीच. काचेपलीकडे सगळे गोळा झाले. मला खाऊ की गिळू अशा नजरेनं बघत होते. कालपर्यंत मला चहा आणून देणारी माणसं ही.

मी जुळवून ठेवलेलं हिंदी एका दमात बोलून टाकलं. तुमचा अपमान करायचा नाही, नोकरी जाणार नाही, पण गाडीची चावी द्या. आता शिव्याशाप येणार म्हणून मान खाली घालून बसले.

चचांनी चावी टेबलावर ठेवली. म्हणाले, "बहुत देर कर दी आपने, मैडम."

मला काही कळेना. हे टोमणा मारताहेत की काय?

"रोज़ डर लगता था," ते म्हणाले. "आँख का पता चला, उसी दिन उतर जाना चाहता था. मगर सबने इतनी मोहब्बत से कहा कि चचा, आप चलाइए, हम हैं. अब मना कैसे करता?"

ते उठले, दारापर्यंत गेले, काचेपलीकडच्या माणसांकडे तोंड करून थांबले, आणि माझ्याकडे न वळता हळूच म्हणाले, "इनसे मत कहिएगा. बुरा मान जाएँगे."