गोरखची वडाप आणि न बोलणारा हिरो

नसरापूरच्या स्टँडसमोर वेल्ह्याला जाणाऱ्या वडाप जीपा ओळीनं उभ्या असतात. एक भरली की ती सुटायची, मग दुसरी भरायची, असा साधा सरळ नियम. पण संध्याकाळच्या वेळेला जाऊन गंमत बघा. नंबर दुसऱ्याच कुणाचा असतो, त्याची गाडी रिकामी असते, बिचारा ड्रायव्हर घसा फोडून "मार्गासनी, विंझर, वेल्हं" ओरडत असतो, आणि पाचसहा माणसं शेजारी ढिम्म उभी असतात. का? तर गोरखची जीप अजून यायचीय, आणि सकाळी त्याच्या गाडीत लागलेल्या गोष्टीत हिरॉइनची साखरपुड्याची अंगठी हरवलीय.

हा गोरख गायकवाड म्हणजे विंझरच्या पलीकडच्या वाडीतला. पस्तिशीला टेकलेला, अंगानं दणकट, स्टेअरिंगवर हात पक्का आणि तोंडानं मुका. खरा मुका नव्हे हो! "सरका जरा, अजून एक बसतंय," हे वाक्य तो दिवसातून शंभरदा म्हणतो. त्यापलीकडं त्याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे चिखलात रुतलेलं चाक काढायचं. त्याची आई म्हणते, "ह्यो जल्मला तवाबी रडला न्हाई, नुस्ता बगत व्हता."

अशा माणसाच्या मोबाईलमध्ये रिचार्जबरोबर गोष्टी ऐकायचं एक ॲप फुकट आलं. त्यात भुतं होती, खून होते, यशस्वी कसं व्हावं हे सांगणारी माणसं होती. गोरखचं बोट नेमकं प्रेमकथांवर पडलं. हलक्याफुलक्या, थोडी भांडणं, थोडे गैरसमज आणि शेवटी सगळं गोड. जीपमधल्या त्याच त्या गाण्यांना माणसं विटलीच होती. त्यानं एक गोष्ट लावून बघितली. मार्गासनी येईपर्यंत गाडीत कुणी खोकलंसुद्धा नाही. भाग संपला आणि मग जे सगळे एकदम बोलायला लागले, ते आजतागायत थांबलेले नाहीत.

सगळ्यांत मोठा आवाज अंबूबाईचा. नसरापुरात पालेभाजी विकून रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसायची आणि निकाल द्यायची. "काय रं गोरख, ह्या शेरातल्या पोरापोरींची वळख कापी सांडल्याबिगर व्हतच न्हाई का? मागच्या गोष्टीत सांडली, त्याच्या मागच्या गोष्टीत सांडली, आज पुन्यांदा सांडली. ह्यांच्या आयांनी कप धराय शिकिवलं न्हाई वाटतं!" त्यावर पुढच्या सीटवरनं रखमाजीतात्या विचारायचे, "आन् डाग निघाला का त्याच्या शर्टाचा? त्ये काय सांगितलंच न्हाई." तात्या ग्रामपंचायतीतून शिपाई म्हणून रिटायर झालेले. ड्रायव्हरशेजारची खिडकीची सीट ही त्यांची वतनदारी. असल्या चहाटळ गोष्टींत आपल्याला काडीचा रस नाही असं ते रोज सांगायचे, आणि जीपमध्ये पाय ठेवताच "काल कुठवर आलतं?" हेही तेच विचारायचे.

गोष्टी वाचणाऱ्यांची तर धडगत नव्हती. एक बाई कुजबुजत वाचायची. अंबूबाई म्हणाली, "हिच्या शेजारी ल्येकरू निजलंय काय? म्होटं बोल की बये!" एक बुवा हिरॉइनचं बोलणं आलं की आवाज चिमटीत धरल्यासारखा बारीक करायचा. त्याला दोन दिवसांत गाडीतून उतरवला. तिसरी एक होती, ती सगळंच रडत वाचायची, अगदी "तो रिक्षातून उतरला" हेसुद्धा. तात्या म्हणाले, "ह्या रिक्षात कोण गेलंय का?" गाडीत असा हशा झाला की गोरखला गिअर सापडेना.

आता या सगळ्यांत जिच्या बोलण्याकडं गोरखचं खरं ध्यान, ती सुलक्षणा. विंझरची. नसरापुरात तिचं शिवणकामाचं दुकान आणि क्लास. ती मधल्या सीटवर खिडकीला बसायची. आरशात तिचा फक्त डावा कान दिसायचा, आणि तो कान ऐकतोय की बाहेरच्या वाऱ्याला लागलाय, यावर गोरखचा दिवस बरा की वाईट ते ठरायचं. ती कमी बोलायची, पण बोलली की शिलाईची गाठ. एका गोष्टीतली हिरॉइन पाच वर्षांनी जुना ब्लाऊज घालून लग्नाला जाते आणि तो अगदी फिट बसतो. सुलक्षणा म्हणाली, "एवढ्या वर्षांत बाई एका बोटानंबी हलली न्हाई? हे लिवणाऱ्यानं बाईचं माप कधी घेतलं न्हाई, मनाचंबी न्हाई." ती गोष्ट तिथंच बाद.

गोरखचं तिच्यावर मन बसून दोन वर्षं झाली होती. तिनं नवं शिलाई मशीन घेतलं तेव्हा ते जीपच्या टपावर चढवून त्यानं दोरीनं बांधलं होतं. तेवढंच काय ते कारण. घरं दोन्ही एकाच विहारात जाणारी, माणसं एकमेकांना जय भीम घालणारी, नात्यागोत्याचीही अडचण नाही. अडचण एकच, गोरखचं तोंड. आशेला जागा म्हणाल तर तीही एवढीशीच होती. या रस्त्यावर ड्रायव्हरला सगळ्या बाया दादा म्हणतात. सुलक्षणानं त्याला आजपर्यंत कधी दादा म्हटलं नव्हतं. "अहो, थांबवा," एवढंच म्हणायची. आणि या "अहो"वर आमच्या गड्यानं दोन वर्षं काढली. आता काय म्हणावं या माणसाला!

मग एका बुधवारी अंबूबाईनं गाडीत बसता बसता बातमी फोडली. "सुले, हडपसरचं स्थळ आलंय म्हनं तुला? फ्ल्याट हाय त्याचा?" सुलक्षणा म्हणाली, "आलंय. रविवारी उत्तर द्यायचंय." गोरखनं त्या दिवशी आंबवण्याचा थांबा तसाच मागं टाकला आणि उतरणारी माणसं ओरडली तेव्हा कुठं भानावर आला.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? जाऊन बोलला असता. गोरखनं काय केलं, तर मोबाईलमध्ये गोष्ट शोधली. त्यातला आर्किटेक्ट हिरो अनीश वर्षानुवर्षं मायरावर जीव टाकतो, पण बोलत नाही. तिच्या दारात नाव न लिहिता फुलं ठेवतो, पावसात तिच्या घराखाली उभा राहतो, तिचं लग्न दुसरीकडं ठरतं तरी गप्प. शेवटी ती आपणहून सगळं ओळखते आणि धावत येते. गोरखला वाटलं, वा! आपलं काम हा अनीशच करील. गाडी आपण चालवायची, बोलायचं त्यानं.

गुरुवारी, शुक्रवारी त्यानं ती गोष्ट लावली. वाचणाऱ्याचा आवाज चांगला खर्जातला, भारदस्त होता, त्याला अंबूबाईनंही नावं ठेवली नाहीत. पण हिरोची मात्र सालटी निघाली. "फुलं ठिवतोय आन् पळतोय, चोर हाय का काय?" अंबूबाई म्हणाली. तात्या म्हणाले, "पावसात उभा ऱ्हातोय. निमोनिया झाल्यावर तीच येनार व्हय डबा घेऊन?" गोरखचे कान तापले. आरशातला डावा कान मात्र स्थिर होता. विंझर जवळ आलं तसं गोरखनं सगळा धीर गोळा करून पहिल्यांदाच गोष्टीवर तोंड उघडलं. "न्हाई, पर... जीव तर हाय ना त्याचा तिच्यावर."

सुलक्षणा खिडकीतून नजर न काढता म्हणाली, "कुठं हाय? ह्याला ती नकोच हाय. ह्याला तिचा इचार करत बसायला आवडतं. ती आली तर ह्याची पंचाईत व्हईल."

घ्या! दोन वर्षांचं गाठोडं एका वाक्यात सोडून रस्त्यावर टाकलं. गोरख रात्री जेवला नाही. आईनं विचारलं तर म्हणाला, "अनीशचं काय खरं न्हाई." आईला वाटलं, कुणीतरी ड्रायव्हर असेल.

शनिवारी संध्याकाळी शेवटचा भाग. गाडी खच्चून भरलेली. आंबवण्याच्या पुढं मोबाईलला रेंज नसते, म्हणून गोरख भाग नसरापुरातच उतरवून घेत असे. आज त्यानं घेतला नव्हता. मुद्दाम. तो शेवट त्यानं घरी ऐकला होता आणि आता त्याची त्यालाच लाज वाटत होती.

"रेंज गेली," तो म्हणाला.

गाडीत गलका उठला. तात्या, ज्यांना काडीचा रस नव्हता, ते सगळ्यांत जास्त भडकले. "आरं, उद्या रविवार! सोमवारपतुर काय दम धरायचा?" अंबूबाईनं पाटीवर थाप मारली. "ए गोरख, तू ऐकलंय न्हवं म्होरलं? मग तूच सांग. आज तुझा आवाज बगू."

आणि काय झालं कुणास ठाऊक, गोरख बोलायला लागला. "तर... अनीश विमानतळावर ग्येला..."

"म्होट्यानं!" मागून आवाज आला.

"अनीश विमानतळावर ग्येला, आन् तिथं मायरा व्हती. ती जानार व्हती. तर ह्यो तिला म्हनाला..." इथं गोष्टीतला अनीश काहीच म्हणत नाही, नुसता बघतो. गोरखनं गिअर बदलला. "म्हनाला, मला बोलाय येत न्हाई. लई डाव ठरिवलं, पर जीभ टाळूला चिकाटती. म्हनून मी दुसऱ्याच्या गोष्टी लावीत बसलो."

"लावीत बसलो म्हंजी?" तात्यांनी विचारलं.

"गप बसा तात्या," अंबूबाई म्हणाली. तिची मान पुढं आली होती.

"म्हनाला, माझा फ्ल्याट न्हाई. दोन खोल्या हायत, आई हाय, एक म्हस हाय..."

"आर्किटेक्टच्या घरात म्हस?" तात्या पुन्हा.

"...आन् त्या दिवशी मशिनीची दोरी म्या मुद्दाम गाठीवर गाठ मारून बांधली व्हती. सोडाय येळ लागावा म्हनून. येळ लागंल तवर ती जवळ उभी ऱ्हाईल म्हनून."

आता तात्यांच्याही डोक्यात उजेड पडला आणि ते हळूच खिडकीबाहेर बघायला लागले. आरशात तो डावा कान लालभडक झालेला गोरखला दिसला आणि त्याला वाटलं, संपलं. उद्या ही दुसऱ्याच्या जीपमधून जाईल, आणि परवा हडपसरला.

"झाली गोष्ट?" सुलक्षणानं विचारलं.

"झाली."

"सांगता येत न्हाई तुमाला. मधीच थांबता, आवाज कापतो. म्हशीचं तर आधी यायला पायजे व्हतं." तिनं पिशवी मांडीवर ओढली. "आन् त्या दिवशी दोरी शेवटी कापावी लागली, ती माझी व्हती."

"हां," गोरख म्हणाला.

"आन् हिरोनं सगळं आपलंच सांगितलं. तिला काय पायजे ते कुठं इचारलं?"

विंझर आलं होतं. गोरखनं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मान वळवून नीट तिच्याकडं बघितलं. कानासकट सगळा चेहरा. "काय पायजे तिला?"

"तिचं दुकान नसरापुरात हाय. ते ती सोडणार न्हाई. फ्ल्याटसाठी न्हाई आन् म्हशीसाठीबी न्हाई."

"हिरो रोज सकाळी तिकडंच जातोय," गोरख म्हणाला. "येतानाबी तिच्याच वाटंनं येतोय."

अंबूबाईला राहवेना. "मग उद्या हडपसरला काय कळवती ही मायरा?"

सुलक्षणानं पिशवी खांद्याला लावली आणि खाली उतरली. "ते सोमवारी सकाळी कळंल," ती म्हणाली. "तुमीबी आमाला रोज असंच लटकवता की."

रविवार गोरखनं कसा काढला ते विचारू नका. त्यानं जीप दोनदा धुतली, आणि दुसऱ्यांदा धुताना आईनं त्याच्याकडं बघून कपाळाला हात लावला.

सोमवारी सकाळी विंझरला धुकं होतं. तात्या आपल्या वतनावर, खिडकीला. अंबूबाई मेथीच्या पाटीसकट मधल्या सीटवर. नेहमीची माणसं झाडून सगळी आलेली, काम नसलेलीसुद्धा. सुलक्षणा फाट्यावर उभी होती. जीप थांबली. मधलं दार उघडून धरलेलं होतं. तिनं त्या दाराकडं बघितलं, तशीच पुढं आली आणि तात्यांच्या बाजूचं दार उघडून उभी राहिली. तात्या दगडासारखे बसलेले. एवढ्या वर्षांत त्यांना त्या जागेवरून कुणी हलवलं नव्हतं.

गोरखनं घसा साफ केला. दिवसातून शंभरदा म्हणायचं वाक्य, पण आज ते कापत कापत बाहेर आलं.

"तात्या, सरका जरा. अजून एक बसतंय."