सोन्याच्या तारेवरचा भंडारा

पोलिस ॲक्शनच्या वर्षी, म्हणजे अठ्ठेचाळीस साली जन्मलेला पिशोर गावचा मुंजाबा मेंढपाळाचा पोर. पण औरंगाबादेत त्याच्या प्रयोगशाळेत सगळे त्याला बागायतदाराचा मुलगा समजत. समजत कसले, यानेच तसं सांगून ठेवलं होतं. गड्याकडे डोकं होतं, छाती तेवढी नव्हती.

काम नाजूक. केसासारखी बारीक, अगदी शुद्ध सोन्याची तार लालभडक तापवायची आणि झटक्यात गार पाण्यात सोडायची. तापलेल्या धातूत काही अणूंच्या जागा रिकाम्या पडतात. तार सावकाश निवली तर त्या भरून येतात, एकदम निवली तर तशाच अडकून राहतात. मग तारेतून वीज सोडून ती किती अडते, त्यावरून त्या जागांचा अंदाज घ्यायचा. तार जरा मळली की सगळं मुसळ केरात. यंदा काम बिघडलं तर संशोधन बंद, असं त्याचे मार्गदर्शक तात्यासाहेब सरांनी त्याला बजावलं होतं.

खंडेनवमीला त्याची आई म्हाळसाबाई गावाहून आली. खांद्यावर लेकासाठी स्वतः कातलेल्या लोकरीची घोंगडी. सुट्टीमुळे प्रयोगशाळेत चिटपाखरू नव्हतं, म्हणूनच याने तिला आत नेलं. हत्यारं पुजायचा दिवस, आणि लेकाचं हत्यार तर सोन्याचं! त्याची पाठ वळताच तिने खंडोबाचा भंडारा चिमूटभर तारेला चोळला, हात जोडले. ते पाहून मुंजाबाने तार रुमालाने पुसली आणि काम तसंच दामटलं.

दसरा झाल्यावर सरांनी आकडे पाहिले.

"तार मळली आहे. सावकाश निववली तरी आकडा उतरत नाही. कुणी हात लावला हिला?"

गावी निघालेली म्हाळसाबाई नेमकी निरोप घ्यायला दारात येऊन उभी होती.

"या बाईने, सर," मुंजाबा म्हणाला. "घोंगड्या विकायला आली होती. मी नको नको म्हणत होतो."

शब्द तोंडातून गेले आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईकडे बघवेना.

"व्हय सायेब," म्हाळसाबाई म्हणाली. "मला अडाणीला काय कळतंय? ह्या सायबावर रागावू नका. लई मन लावून काम करत्यात." तिने खांद्यावरची घोंगडी टेबलावर ठेवली. "नुकसान झालं तुमचं. ही ऱ्हाऊ द्या."

ती गेली. मुंजाबाचं संशोधन बंद पडता पडता वाचलं.

त्या हिवाळ्यात सर रोज तीच घोंगडी पांघरून बसत. एकदा कौतुकाने म्हणाले, "काय ऊब आहे हो हिला! कुणी कातली असेल लोकर?"



"ठाऊक नाही, सर," मुंजाबा म्हणाला.