दोन काचांमधली मुंगी

माझ्या धाकट्या भावानं माहेरच्या घराला दुहेरी काचेची खिडकी बसवली होती. तिचा राग मला अजून येतो. आता ती खिडकी राहिली नाही, खोलीही पाडून झाली, पण राग आहे तिथेच आहे.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. जळगावच्या पूर्वेला, केळीच्या पट्ट्यात आमचं माहेर, आणि मला दिलेलं धुळ्याला. भावानं जुन्या घरापुढे रस्त्याच्या अंगाला सिमेंटची नवी खोली काढली. नाशिकला कुणाच्या तरी हपिसात त्यानं दोन काचांची खिडकी पाहिली होती. दोन काचा, मध्ये बोटभर कोंडलेली हवा. ना उन्हाची झळ आत येत, ना धूळ, ना ट्रकचा आवाज. झालं, घरी आल्यापासून दुसरा विषय नाही. हौसेला मोल नाही म्हणतात. पण थोडी अक्कल लागते, हे कुणी सांगत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या कारागिरानं असली खिडकी जन्मात पाहिलेली नव्हती, पण गिऱ्हाइकाला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. भर पावसाळ्यात त्यानं दोन साध्या काचा एका चौकटीत बसवल्या, कडेनं लांबी, म्हणजे पुट्टी, थापली आणि गेला. खिडकी उघडायची सोयच नव्हती. गाव बघायला यायचं आणि भाऊ काचेवर टिचकी मारून आवाज ऐकवायचा.

त्याच दिवाळीत आबा, म्हणजे आमचे वडील, न्हाणीत घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. पलंग नव्या खोलीत, खिडकीपाशी आला. जन्मभर केळीच्या बागेत फिरलेला माणूस तो. पण त्या खिडकीतून त्यांनी पुन्हा गाव धरलं. कुणाचा बैल लंगडतो, कोण कुणाच्या घरी दुसऱ्यांदा चाललंय, कुठल्या ट्रकात केळी कच्ची भरली, सगळं पडल्या पडल्या सांगायचे. अंगणापलीकडे मोठा निंब होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही लेकी माहेरी आलो की त्याच निंबाला झोका बांधायचा आणि गाणी म्हणायची, ही लहानपणापासूनची रीत. मी रिक्षातून उतरले की आबा काचेवर काठी वाजवायचे.

पुढच्या उन्हाळ्यात खोलीत कूलर लागला. दिवसभर गवताच्या ताट्या ठिबकायच्या, खोली गार ओली. आणि काच धुरकट व्हायला लागली. आधी सकाळपुरती, मग दुपारीही, मग पावसाळा लागला तशी कायमचीच, दुधाचा हात फिरवल्यासारखी. भावजय बिचारी वर्तमानपत्रानं पुसायची, राखेनं घासायची, रॉकेलचा बोळा फिरवायची. भाऊ ओरडायचा, "एक काच नीट पुसता येत नाही तुला!" ती पुन्हा पुसायला घ्यायची. मग केव्हातरी काचेचा विषय मागे पडला आणि आबांच्या डोळ्यांचा पुढे आला.

आबाच म्हणाले होते, "बाई, जवळचं दिसते, दूरचं गेलं."

जळगावच्या डॉक्टरांनी डोळे तपासले. थोडा मोतीबिंदू आहे, अजून पिकला नाही, पिकला की काढू. एवढं ऐकल्यावर कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. आबांना ओट्यावर खुर्ची टाकून बसवू म्हटलं तर ते नको म्हणायचे. लोक हात करतील, आपल्याला ओळखू येणार नाही, त्यांना वाटेल म्हातारा माजला. असं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. गावातल्या प्रत्येकाला चालीवरून ओळखणारा माणूस, न ओळखण्याच्या लाजेनं आत कोंडून घेऊन राहिला. दोन वर्षं!

दोन वर्षांनी मी आखाजीला आले. रिक्षातून उतरले, सवयीनं खिडकीकडे पाहिलं. काठी वाजली नाही. ती मागच्या सालीही वाजली नव्हती. आबा निजले होते, म्हणून मी पलंगाच्या कडेला टेकले आणि काचेवरची एक मुंगी टिचकीनं उडवायला गेले. मुंगी हलेना. पदरानं पुसली, तरी तिथेच. बाहेरून बसली असेल म्हणून बाहेर जाऊन नखानं खरवडली. बाहेरूनही ती काचेच्या पलीकडेच. उन्हात उभी राहून मी त्या मेलेल्या मुंगीकडे बघत राहिले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मुंगी दोन काचांच्या मध्ये होती. मुंगी शिरली तिथून कूलरची ओल शिरली होती. धुकं काचेच्या पोटात, आणि आम्ही औषध घालत होतो आबांच्या डोळ्यांत.

भावाला हाताला धरून आणलं. त्यानं मुंगी पाहिली आणि मान खाली घातली. नवल वाटल्याचं सोंगसुद्धा केलं नाही. तेव्हा मला समजलं.

"तुला माहीत होतं?"

"मांगच्या दिवाळीले समजलं, अक्का. कारागीर म्हने पूर्ण काढा लागीन."

"मग काढली का नाहीस?"

तो अंगणाकडे बघायला लागला. निंबाच्या जागी ट्रॅक्टरची पत्र्याची शेड उभी होती. आबांना हाड दाखवायला चार दिवस जळगावला ठेवलं होतं, तेव्हा यानं निंब पाडला होता, आणि त्यांना घरी आणलं होतं ते रात्रीच्या अंधारात. "निंबाचं त्याईले समजलं असतं त खानं सोडलं असतं त्याईनं," तो म्हणाला. "मले वाटलं, नाही दिसत तेच बरं हाये."

माणूस आपल्या बापाबद्दल असं बोलतो! मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारची माणसं दारात आली, येऊ दिली. तो म्हणाला, आखाजी होऊ दे, कारागिराला बोलावतो. मी म्हटलं, आत्ता. तो म्हणाला, आता सणाच्या दिवशी कोण येणार? तेवढ्यात भावजय घरातून आली आणि काही न बोलता खलबत्त्यातला लोखंडी बत्ता तिनं माझ्या हातात दिला. दोन वर्षं फुकटची बोलणी खाल्ली होती तिनं.

आम्ही दोघींनी आबांचा पलंग ओढून पार पलीकडच्या भिंतीला लावला, त्यांच्या अंगावर गोधडी टाकली. ते विचारत होते काय चाललंय. मी म्हटलं, खिडकी साफ करतेय. पहिली काच एका घावात गेली. दुसरीला तीन लागले. गरम वारा आणि रस्त्याची धूळ सगळी एकदम आत आली. काचा झाडून झाल्यावर पलंग पुन्हा जागेवर आणला आणि आबांच्या पाठीशी लोड दिला.

रस्त्यावरून एक सायकलवाला चालला होता. आबांनी नुसतं पाहिलं आणि मोठ्यानं हाक मारली, नावानिशी. सायकलवाला थांबला, यांनी हात केला, त्यानं हात केला. आबा हसले. मला वाटलं, जिंकले मी! इतकी खूश झाले होते की पुढचं काही सुचलंच नाही.

आबांची नजर रस्त्यावरून अंगणात आली आणि शेडवर थांबली.

"निंब कुठी गेला?"

भावजयीनं माझ्याकडे पाहिलं. भाऊ केव्हाच मागच्या दारानं निघून गेला होता. शेवटी मीच म्हटलं, "तोडला आबा. दीड वर्ष झालं."

ते शेडवरून नजर काढून मग माझ्याकडे वळले. मागच्या आखाजीला याच पलंगावरून त्यांनी मला विचारलं होतं, निंबाले झोका बांधला का? भावानं मागून डोळ्यांनी खुणावलं, आणि मी हो म्हणाले होते. झोका बांधला होता मागच्या गोठ्याच्या आढ्याला. गाणी सुरू झाली तेव्हा आबा म्हणाले होते, आवाज मांगून काहून येते? मी म्हटलं होतं, वारा फिरलाय आबा. आजारी माणूस आहे, कशाला दुखवा, एवढाच विचार केला होता मी. भावानं तरी दुसरा काय केला होता?

आबा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, मला चिडलेल्या माणसाशी बोलता येतं. ते एवढंच म्हणाले,

"मंग माहे कान बी चांगलेच व्हते, बाई."