ओकादा-सानांचं उशिरा हसणं

"सबटायटल उशिरा येताहेत," ओकादा-सान फोनवर पुन्हा तेच म्हणाले.

मी तोक्योच्या कोतो भागातल्या एका कंपनीत सबटायटलचं सॉफ्टवेअर बनवते. पडद्यावरचा माणूस बोलायला लागला की त्याच क्षणी खाली त्याचं वाक्य उमटलं पाहिजे. याला आम्ही सिंक म्हणतो. ओकादा-सान आमचे क्लायंट. रिटायर झालेत, कोबेत छोटा फिल्म क्लब चालवतात. बायको तेरेझा पोर्तुगालची. तिच्या देशातली एक जुनी ब्लॅक अँड व्हाइट विनोदी फिल्म ते दर वर्षी दाखवतात. आसपासची पोर्तुगीज मंडळी घरच्यांना घेऊन येतात, थोडे जपानी लोकही.

मी सगळी फाइल तपासली. सिंक चोख होतं.

"पेंडसे-सान, कोबेला जाऊन या," माझे बॉस मोरी-सान म्हणाले. "हा क्लायंट गेला तर वर उत्तर मला द्यावं लागेल."

मला काय, जायचंच होतं. इथल्या मोठ्या भूकंपानंतर नवरा आणि मुलगी पुण्याला परतले, मी काँट्रॅक्टसाठी मागे राहिले. शनिवार-रविवारी ऑफिसजवळच्या ओजिमातल्या घरात माझ्याशी बोलणारा फक्त राइस कुकर, तोही भात झाला की.

शनिवारचा शो मी मागच्या रांगेतून पाहिला. पडद्यावर बहिरेपणाचं सोंग घेणारा बेकरीवाला होता. त्यानं तोंड उघडायच्या आत अख्ख्या हॉलनं त्याचं वाक्य म्हटलं आणि हसून घेतलं. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे. आपल्याकडे गाजलेल्या नाटकाला संवाद पाठ असलेले प्रेक्षक येतात ना, तसंच. सबटायटल अगदी वेळेवर आलं, तोवर हशा संपला होता. ओकादा-सानांना पोर्तुगीज येत नाही; त्यांनी ते वाचलं आणि मग ते हसले.

इंटरव्हलमध्ये ते माझ्याकडे आले. "पाहिलंत?"

"पण वाक्य आधी दाखवलं तर विनोद फुटेल."

"तो सगळ्यांना पाठ आहे. फुटायचं काय राहिलंय?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "लग्नाला इतकी वर्षं झाली. एकदा तरी ती हसते त्याच क्षणी तिच्याबरोबर हसायचंय."

मला एकदम भरून आलं. व्हिडिओ कॉलवर आमच्याकडे हेच चालतं. बाप-लेक आधी हसतात, मग "अगं आई, काय झालं माहितेय" म्हणून मला समजावून सांगतात. मी हसते तेव्हा त्यांचं हसून झालेलं असतं. त्यामुळे कंपनीचा नियम मी गुंडाळून ठेवला. हॉलनं आधी म्हटलेली तेवढी वाक्यं हॉटेलवर बसून पुढे सरकवली.

रविवारी ओकादा-सान सगळ्यांबरोबर हसले. अगदी खळखळून, प्रत्येक वेळी. शो संपल्यावर मला कमरेत वाकून नमस्कार केला.

तेरेझा-सान खुर्च्या आवरत होत्या. मी हात लावायला गेले आणि विचारलं, "कसं वाटलं आज?"

"ह्यांना आज काय झालं होतं कोण जाणे," त्या म्हणाल्या. "दर वर्षी मी एकदा सगळ्यांबरोबर हसते. मग ह्यांचं वाचून होईपर्यंत थांबते आणि आम्ही दोघं मिळून हसतो. त्यासाठी तर येते मी. आज नुसतीच थांबून राहिले."

ओकादा-सान मागेच होते. हातातली खुर्ची खाली ठेवायचं विसरून ते तिच्याकडे बघत राहिले.

सोमवारी त्यांचा मेल आला. तक्रार मागे घेतो, कृपया जुनं टायमिंग परत द्यावं.

"म्हणजे आपलं बरोबरच होतं!" मोरी-सान खूश झाले.

"हो," मी म्हटलं आणि जुनी फाइल पाठवून दिली.

तेव्हापासून सबटायटल उशिरा येतात अशी तक्रार आली की सिंक तपासायच्या आधी मी एकच विचारते, शेजारच्या खुर्चीवर कोण बसतं? उशिरा हसणाऱ्यासाठी तिथं कुणी थांबत असेल तर फाइलला हात लावू नये. कुणीच नसेल तर त्यावर आमच्या सॉफ्टवेअरमध्ये इलाज नाही.