मिरचीच्या मळ्यातली लग्नं

धारगळच्या मळ्यांतून स्कूटरवरून जाताना कुणाचं लग्न कुठे टांगलंय ते धाकूला दुरूनच कळे. मिरचीवर पोपट येतात. त्यांना भिववायला लोकांनी जुन्या सीडी दोऱ्यांना बांधून सोडल्या होत्या. त्या वाऱ्यावर फिरत, लखलखत. बहुतेक धाकूनेच भरलेल्या. लग्न म्हटलं की भटजी, आचारी आणि व्हिडिओवाला धाकू, असा एक काळ पेडण्यात होऊन गेला. आता मुहूर्त तेच, पण शूटिंग पाहुणेच मोबाइलवर करतात, आणि निम्म्या वेळा स्वतःचंच करतात.

प्रत्येक लग्नाची एक प्रत धाकू स्वतःजवळ ठेवी. कपाट भरलं होतं, पण त्या सीडी वाचणारा जुना कॉम्प्युटर गणपतीच्या चवथीच्या सुमारास कायमचा बंद पडला. म्हणून मुलीला, गौरवीला, कॉलेजसाठी स्वस्तातला लॅपटॉप घ्यायचं ठरलं तेव्हा त्याने एकच अट घातली : सीडीचा ट्रे हवा.

डिचोलीचा दुकानदार निलेश हसला. "धाकूबाब, स्वस्त करूक कंपनी पयलो तोच काढता."

"आणि म्हाग आसतत त्यात?"

"त्यातसूनय काढलो. पातळ दिसाक होया मा!"

म्हणजे गरिबाला परवडत नाही म्हणून नको आणि श्रीमंताला शोभत नाही म्हणून नको. असे नातेवाईक धाकूने लग्नांत पुष्कळ पाहिले होते. फोटोच्या वेळी त्यांना पाणी आणायला पाठवतात.

"भायरसून जोडूचो मेळता," निलेश म्हणाला. "पण घेता कोण?"

"बाबा, नको," गौरवी हळूच म्हणाली. "लोकांनी आपली लग्नां पोपटांक दिली. तू कोणासाठी राखतंस?"

लॅपटॉप एकटाच घरी आला.

काही दिवसांनी पलीकडच्या वाड्यावरची जानकी आली. तिची आई नुकतीच गेली होती. "धाकूदादा, आवयचो फोटो आसा, पण आवाज खंयच नाय. माझ्या लग्नात ती कायतरी बोलली आसतली मा?"

"तुझी सीडी?"

जानकी खाली बघू लागली. "मळ्यात."

धाकूने स्कूटर काढली ती थेट डिचोलीला. बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह आणला. गौरवीने तो लॅपटॉपला जोडून दिला.

कपाटातली जानकीच्या लग्नाची सीडी फिरली, अडखळली, पुन्हा फिरली. कपाटातल्या सगळ्यांचा निकाल या एकीवरच लागणार होता. मग मांडव दिसला. जानकीची आई होती, पण सारखी पाठमोरी, कुणाला तरी ताटं वाढायला सांगत. सनईत तिचं बोलणं बुडून गेलेलं. अखेर अंतरपाट धरला आणि पडदाभर तिचा पदर आला. पाठोपाठ खणखणीत आवाज : "रे धाकू, बाजूक सर! माझ्या चेडवाचा त्वांड माकाय बघूक दी!"

चांगल्या व्हिडिओवाल्याने तेवढं कापलं असतं. धाकूने तेव्हा कंटाळा केला होता.

जानकी हसली, मग रडली, मग म्हणाली, "परत लाय." बऱ्याच वेळाने गौरवीने ते पेनड्राइव्हवर घालून दिलं.

उठताना जानकी म्हणाली, "आता ही सीडी तुका कित्याक? माका दी. माझी काळी पडली, पोपट भियेत नाय."

धाकूने कपाटातली एक कोरी तिच्या हातात ठेवली आणि तिचं लग्न परत जागेवर लावलं. "पेनड्राइव्ह हरवतत गो."

गौरवी ट्रे उघडा ठेवूनच बसली होती.

"पुढची काढ," ती म्हणाली.